पालथं पडून कोळी बघताना

कोळ्यांचे फोटो काढणाऱ्यांकडे फोटो थोडे जमतात, किस्से भरपूर. उड्या मारणारा कोळी असतो तांदळाच्या दाण्याएवढा आणि फोटोसाठी तो थांबत नाही. फजिती मात्र थांबते, लोक बघेपर्यंत.

माझं राहात्यात चष्म्याचं दुकान. जोडीला मित्र शिंदे, त्याचं कृषी सेवा केंद्र. आठवडाभर तो कीटकनाशकं विकतो आणि रविवारी माझ्याबरोबर कोळी शोधत फिरतो. कुणी टोकलं तर शांतपणे सांगतो, "कोळी कीटक नाही. आठ पाय असतात त्याला."

*

पेरूच्या बागेच्या बांधावर मी पालथा पडलो होतो. समोर पानावर कोळी, माझा श्वास रोखलेला. तेवढ्यात डोक्यावर गार पाणी पडलं. बागेतल्या मावशी कळशी घेऊन उभ्या.

"चक्कर आली व्हय?"

"नाही मावशी, कोळी बघतोय."

त्यांनी मला निरखलं, कॅमेऱ्याला निरखलं. "तुमच्या घरात न्हाईत का?"

*

काही कोळी हुबेहूब मुंगीसारखे दिसतात. राजूरजवळ मला तसा एक सापडला. घामाघूम होऊन फोटो काढले आणि जाणकारांच्या ग्रुपवर टाकले, 'मुंगीचं सोंग घेतलेला कोळी' असं लिहून.

उत्तर आलं, "सोंग उत्तम. मुंगीच आहे."

पुढच्या खेपेला तसंच काही दिसलं, तेव्हा मी शहाण्यासारखा "मुंगी आहे, चल" म्हणून पुढे निघालो. शिंदे मागे वाकून राहिला. त्याचा तो कोळी आता त्याच्या दुकानात फ्रेममध्ये आहे.

*

एकदा झुडपातला कोळी अचानक दिसेनासा झाला. मी पानं उलटीपालटी करत होतो. शिंदे मागून हळूच म्हणाला, "हलू नकोस."

मला वाटलं, साप. पुतळा झालो. मागून क्लिक, क्लिक. कोळी माझ्या कानावर बसला होता.

तो फोटो ग्रुपवर गाजला. एकाने खास लिहिलं, "बॅकग्राउंड काय सुंदर ब्लर झालंय."

बॅकग्राउंड म्हणजे मी.

*

मादीला खूश करायला नर पुढचे पाय वर करून नाचतो. तो नाच टिपायचा, हे माझं जुनं स्वप्न. लग्नाच्या वाढदिवसाला मी आणि मेधा, माझी बायको, भंडारदऱ्याला गेलो, तर वाटेतल्या झुडपावर नर आणि समोर मादी! ऊन कडक होतं, म्हणून मेधाला छत्री धरायला सांगितली.

"अहो, धरण बघायचंय ना?"

"एकच मिनिट."

नर नाचायला लागला. डावीकडे सरकायचा, थांबायचा, पाय हलवायचा, पुन्हा उजवीकडे. मी लेन्सला डोळा लावून सांगत होतो, "काय मेहनत घेतोय बघ तिच्यासाठी. एवढासा जीव, पण सगळं लक्ष तिच्याकडे."

वळून पाहिलं तर छत्री मिटून गवतावर ठेवलेली आणि मेधा लांब कठड्याला टेकून मोबाईलवर.

माझे सगळे फोटो उन्हाने पांढरेफटक आले. तिने एकच काढला होता, अगदी स्वच्छ. मागे धरणाचं निळं पाणी, पुढे मी पालथा. तो तिने माहेरच्या ग्रुपवर टाकला होता.

खाली तिच्या बहिणीने विचारलं होतं, "ताई, दाजी काय करतायत?"

मेधाने लिहिलं होतं, "मला फिरायला आणलंय."