उसवलेले कंस
माझी मावशी बत्तीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय. तिच्या हातची कॉलर दुसरे शिवणारे उलटून पालटून बघतात. बीजगणितानं मात्र तिला दहावीत दोनदा लोळवलं. शिवणशाळेत शिकवायची जागा मोठ्या बाईंनी तिच्यासाठी अडवून ठेवली होती, पण अट दहावीची. यंदाही गाडी अडली तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

शिकवायला बसले मी. माझा स्वभाव तापट. मावशीवर आवाज चढवू नये हे कळायचं, पण चढायचाच.

"अवयव पाडणं म्हणजे उसवणं," मी म्हटलं. "शर्ट उसवला की बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी. तसंच."

हे तिला एकदम पटलं. एक्सचा वर्ग अधिक सात एक्स अधिक बारा. गुणाकार बारा आणि बेरीज सात, म्हणजे तीन आणि चार, हे तिनं चुटकीसरशी सांगितलं. दोन कंस मांडले, एक्स अधिक तीन, एक्स अधिक चार. ते गुणून ताळाही केला. मग कंसांवर काट मारली, खाली मूळचीच राशी नीटनेटकी लिहिली आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"अगं, बरोबर उत्तर का खोडलंस?"

"मग? गिऱ्हाइकाच्या हातात उसवलेलं देऊ?"

आधी मी पोट धरून हसले. मग जुन्या वह्या उघडल्या. पानोपानी तेच, बरोबर कंस आणि त्यांवर काट. मला माझ्याच आरडाओरड्याची लाज वाटली. तेव्हापासून नियम केला, ताळा मागच्या पानावर आणि कंसांना हात लावायचा नाही.

पेपरच्या दिवशी मी फाटकाशी ताटकळत उभी होते. मावशी घामाघूम होऊन बाहेर आली.

"कंस?"

"ठेवले तसेच. हात नुसते शिवशिवत होते गं."

निकाल मी तिच्या मशीनशेजारी बसून मोबाईलवर पाहिला. पासला पस्तीस लागतात, तिला बेचाळीस होते. तिनं माझ्याकडून आकडा तीनदा वाचून घेतला, चष्मा काढला आणि भिंतीला टेकून लांब श्वास सोडला. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला.

"सुटले बाई," ती म्हणाली. "आता कुणी शिक्षण विचारलं, की पाणी आणायच्या निमित्तानं आत पळायला नको."