शिक्क्याचा हात

शामकांतकाकांनी सव्वीस वर्षं स्टॅम्पपेपर विकले. शिक्का मारावा तर त्यांनीच! दाबून धरायचा, किंचित हलवायचा, मगच उचलायचा. कडा न् कडा उमटलीच पाहिजे. पुढे तो धंदा बसला आणि काका खर्डा गावात गोरक्षनाथच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात कॉम्प्युटरपुढे बसू लागले. हात मात्र शिक्क्याचाच राहिला. माऊसचं बटणही ते दाबून धरत, किंचित हलवत. की लागलीच वरचा टॅब रांगेतून सुटे, त्याची वेगळी छोटी खिडकी होऊन ती कोपऱ्यात लटके, आणि काका मशीनच्या नावाने बोटं मोडत.

शेजारच्या टेबलावर बावीस वर्षांची रेश्मा बसायची. येता-जाता ती काकांचे सुटलेले टॅब जागेवर लावून द्यायची, तेही एक अक्षर न बोलता. काकांना त्याचाच जास्त राग. एकेकाळी सगळा गाव त्यांच्याकडून कागद लिहून घेई, तोच गाव आता दारात येऊन विचारी, "रेश्मा हाय का?" ती नसली तर लोक तासभर बाकावर बसून राहत, पण काकांच्या पुढ्यात येत नसत. काकांचा नुसता जळफळाट होई.

त्या दिवशी रंगुबाई नातीच्या वसतिगृहाचा फॉर्म भरायला आली होती. मुदत पाच वाजेपर्यंतच. अर्ध्याहून जास्त फॉर्म भरून रेश्मा दाखल्याची झेरॉक्स काढायला मागच्या खोलीत गेली, रंगुबाई तिच्यामागे. काका उठले आणि रेश्माच्या खुर्चीत बसले. या पोरीच्या मशीनमध्ये असं काय आहे, ते एकदा बघायचंच होतं.

त्यांनी माऊसने एक टॅब दाबून धरला. तो सुटला आणि कोपऱ्यात जाऊन लटकला. परत बसवायला गेले, तर फॉर्मचाच टॅब सुटून हातात आला. काका घाबरले, त्यांनी फुलीवर बटण दाबलं, आणि फॉर्म गेला. काका गुपचूप आपल्या जागेवर येऊन बसले.

रेश्मा आली. स्क्रीन बघून जागीच थांबली.

"आता गं बया! फॉर्म कुठं गेला?" रंगुबाई ओरडली. "पोरीचं वरीस जाईल की!"

गोरक्षनाथ गल्ल्यावरून धावत आला. "रेश्मा, लक्ष कुठं हुतं तुझं?"

काकांनी एवढ्यावर गप्प बसावं की नाही? "काम जरा मन लावून करावं माणसानं," ते म्हणाले. बोलताना त्यांना बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

रेश्माने कोपऱ्यात लटकलेल्या छोट्या खिडकीकडे पाहिलं. अख्ख्या दुकानात टॅब असा एकाच माणसाच्या हातून सुटायचा. मग तिने काकांकडे पाहिलं.

"माझ्याच हातून गेला, दादा," ती गोरक्षनाथला म्हणाली आणि पहिल्या रकान्यापासून पुन्हा भरायला बसली.

पाचला सहा मिनिटं कमी असताना फॉर्म जमा झाला. रंगुबाईने रेश्माच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. "लई गुणाची हाय माझी बाय."

रेश्माने चार शब्द सुनावले असते, तर काका भांडले असते, हलके होऊन घरी गेले असते. तिचा वेग, तिची गिऱ्हाइकं, हे त्यांनी एक वेळ सोसलं असतं. पण आज तिने त्यांना सांभाळून घेतलं होतं, आणि तिच्या जागी आपण असतो तर आपण काय केलं असतं, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. इतका हेवा त्यांना तिचा कधीच वाटला नव्हता.