सपाट झालेली रेघ

सुनेच्या लॅपटॉपवर सर्व्हरच्या मेमरीची रेघ जिन्यासारखी चढत होती. काम संपलं तरी प्रोग्रॅम घेतलेली जागा सोडत नव्हता; याला मेमरीची गळती म्हणतात. तिनं चूक शोधून दुरुस्त केली आणि रेघ संथ पाण्यासारखी सपाट झाली.

आमच्या वेळी असा सर्व्हर आम्ही दर रविवारी बंद करून पुन्हा चालू करायचो आणि दोष माझ्या हाताखालच्या सुधाच्या कोडला द्यायचो. तिची बदली झाल्यावर गळती माझ्याच कोडमध्ये सापडली. मी ती गुपचूप बुजवली. धरून ठेवलेलं दिसत नाही, नुसतं जड होत जातं.

आज सुधाला फोन करून सगळं सांगितलं.

"सर, मला तेव्हाच कळलं होतं," ती हसली. "आता हेच जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर लिहा की!"

लिहिलं. पहिला अंगठा तिचाच आला.