चारही नट ढिले होते

मी धुळ्याला पोरांना डिझेल इंजिन शिकवतो, देवपुरात राहतो. भूतबीत, संकेतबिंकेत असलं काही मी मानत नाही. वर्गात कुणी "सर, गाडीला नजर लागली" म्हणालं तर त्याला आधी फिल्टर उघडायला लावतो. त्यामुळे न उलगडणाऱ्या अनुभवांच्या या सदरात माझं नाव बघून माझे विद्यार्थी दात काढतील... काढू देत. झालं तसं लिहितोय, मीठमसाला लावायची मला सवय नाही.

माझा थोरला भाऊ — त्याला सगळे आप्पा म्हणायचे — पिंपळनेरला राहायचा. त्याच्याकडे जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह डिझेल जीप होती. बाजाराच्या दिवशी पश्चिमेकडच्या पाड्यांवरची माणसं, त्यांच्या नागलीच्या गोण्या, कोंबड्या गावात आणायच्या आणि उन्हं कलली की माणसांना परत सोडायचं, हा त्याचा धंदा. दुसरे ड्रायव्हर जो चढ बघून माघारी फिरायचे, तिथं ही जीप चढायची. वहिनी त्याला चिडवायच्या, "मला ताप आला तर घरातली गोळी, आणि हिला जरा खोकला आला की लगेच सुरेशला फोन." सुरेश म्हणजे मी.

तर असाच एकदा फोन आला. "सुरेश, उभी करी का गाडी लई थरथरी ऱ्हायनी. जराखी दखी ले ना." आप्पा माझ्याशी अहिराणीतच बोलायचा. रेस दिली की ठीक चालते, पण न्यूट्रलला उभी केली की लंगडते, अशी तक्रार होती. मी म्हटलं, येतो रविवारी. त्या रविवारी पेपर तपासायचे होते. पुढच्या रविवारी सोनगीरला लग्न होतं. त्याच्या पुढच्या रविवारी उन्हाचा कंटाळा आला, खोटं कशाला बोलू. परक्याची गाडी असती तर दुसऱ्या दिवशी गेलो असतो. घरचा माणूस काय, थांबेल, असं आपण धरूनच चालतो. आणि आप्पाही असा की दुसऱ्या मेकॅनिकला बॉनेट उघडू देईना. "मना भाऊ येणार शे," एवढंच म्हणायचा म्हणे.

एका दुपारी तो जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. झटका, असं डॉक्टर म्हणाले. जीपचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, हे मी स्वतःला शंभरदा सांगितलं आहे.

तेरावं झाल्यावर वहिनींनी जीप विकायचं ठरवलं. साक्रीचं एक गिऱ्हाईक यायचं होतं. वहिनींचं माहेर जळगावचं, त्या साध्या मराठीतच बोलतात. म्हणाल्या, "भाऊजी, विकायची तर आहेच. पण अशी थरथरत नका देऊ कुणाच्या हातात. त्यांना आवडलं नसतं." मी दुसऱ्याच दिवशी गेलो. तेव्हा कुठून सवड मिळाली, विचारू नका.

सकाळचे अकरा वाजले असतील. अंगणात चांगलं लख्ख ऊन होतं. जीप सुरू केली तर खरंच वाईट लंगडत होती, आरशात काही दिसू नये इतकी हलत होती. आता अशा वेळी कुठला सिलिंडर काम करत नाही ते शोधायची आमची जुनी पद्धत आहे. इंजिन चालू ठेवून नोझलकडे जाणाऱ्या डिझेलच्या पाइपाचा नट ढिला करायचा. डिझेल बाहेर पडतं, त्या सिलिंडरला मिळत नाही. सिलिंडर चांगला असेल तर इंजिन आणखी बिघडतं. काहीच फरक पडला नाही, तर आजारी तोच.

पहिला नट ढिला केला. फरक नाही. वाटलं, सापडला. खात्री करायला तो तसाच ठेवून दुसरा ढिला केला, तरी फरक नाही. मग तिसरा. चारांपैकी एकच सिलिंडर उरला, इथं इंजिन बंद पडायलाच हवं होतं. मी चिडलो आणि चौथाही ढिला केला.

चारही पाइपांतून डिझेल उडत होतं, माझ्या मनगटावरून ओघळत होतं. एकाही सिलिंडरला थेंब मिळत नव्हता. आणि जीप थरथरायची थांबली... बंद नाही पडली. शांत, एकसारखी चालू राहिली. आरसे स्थिर झाले.

वहिनी कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. "आले?" म्हणाल्या. आणि मला बघून तिथंच उभ्या राहिल्या. आप्पा संध्याकाळी यायचा तेव्हा दाराशी असाच आवाज यायचा, एवढंच नंतर म्हणाल्या. मी इंजिन बंद करायला हात पुढे केला, तर "नका करू" म्हणाल्या. आम्ही दोघं उभेच राहिलो. मला रडू आवरेना. मग वहिनींनी बॉनेटच्या कडेला हात टेकवला आणि हळू म्हणाल्या, "अहो, राहू द्या आता. दमला असाल."

इंजिन बंद पडलं. माझा हात कुठेच लागलेला नव्हता.

बऱ्याच वेळानं मी नट आवळले आणि पुन्हा सुरू केली, तर आधीसारखीच लंगडत होती. मग नीट शोधलं. फिल्टरवरच्या बोल्टाखालचा तांब्याचा वॉशर झिजला होता, तिथून हवा आत जात होती. नवा वॉशर टाकला, लाइनमधली हवा काढली, जीप ठीक झाली. दहा मिनिटं लागली.

संस्थेत सहकाऱ्यांना सांगितलं. एक म्हणाला, इंजिनानं स्वतःचं ऑइल ओढून त्यावर चालवलं असेल. मलाही ते माहीत आहे, पण तसं झालं की इंजिन बेफाम पळतं, असं निवांत चालत नाही. दुसरा म्हणाला, तू दुःखात होतास, नट नीट ढिले झाले नसतील. मग माझा शर्ट डिझेलनं कशानं भिजला? आजही वर्गात हा पाठ शिकवताना मी चौथ्या नटापर्यंत जात नाही.

निघताना वहिनींनी चहा दिला आणि विचारलं, "भाऊजी, मोठं काम निघालं का हो?"

मी म्हटलं, "हो वहिनी. बरंच मोठं होतं."

"तरीच," वहिनी म्हणाल्या. "ते पण हेच म्हणायचे. काम मोठं असणार, नाहीतर सुरेश कधीच येऊन गेला असता."

वहिनी हे सदर वाचत नाहीत. वाचत असत्या तर मी हे लिहिलं नसतं.