ओतावाची डावी बाजू

आमच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली की माणसं एकमेकांशी बोलतात, एरवी नाही. बोहुमीर झास्तेरा आणि मी चेक देशातल्या ख्रुदिम गावी सहाव्या मजल्यावर चार वर्षं समोरासमोर राहत होतो, आणि चार वर्षांत आमच्यात "नमस्कार" या एका शब्दापलीकडे काही गेलं नव्हतं. तोही ते खाली बघून म्हणायचे. त्यामुळे सप्टेंबरातल्या एका सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली तेव्हा मला वाटलं, गॅस गळतोय.

"सिस्टर, तुम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात होतात ना?"

"एकतीस वर्षं. का, डोळ्याला काही झालंय?"

"मला नाही. एका माणसाला. तो इथे येऊ शकत नाही, तुम्हीच येऊन बघा."

"कुठे आहे तो?"

"आत. कम्प्युटरवर."

एकटा राहणारा माणूस कधीतरी चळतो, हे मला माहीत आहे. मी स्वतः नऊ वर्षं एकटी आहे आणि चहाच्या किटलीशी भांडते. तेव्हा नावं ठेवायला मला तोंड नव्हतं. शिवाय खोटं कशाला बोलू, त्यांचं घर आतून बघायची उत्सुकता होतीच. दारात त्यांनी मला पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपाता दिल्या. तळव्यावरची किमतीची चिठ्ठी अजून तशीच होती. ते बघून मला उगीच शरमल्यासारखं झालं.

झास्तेरा रेल्वेत सिग्नलच्या केबिनमध्ये अडतीस वर्षं होते. बघत राहणं आणि एका रुळावर दोन गाड्या येऊ न देणं, हे त्यांचं काम. लग्न केलं नाही. का, असं मी पुढे एकदा विचारलं, तर म्हणाले, "ड्युटीच्या वेळा तशा होत्या." निवृत्त झाले आणि बघायला काहीच उरलं नाही. मग साथीच्या दिवसांत जगातले सगळे खेळ बंद पडले, तेव्हा टेबल टेनिसची एक लीग मात्र चालू राहिली. कुठल्याशा गोदामाच्या मागच्या खोलीत दोन टेबलं, छताला कॅमेरे, प्रेक्षक एकही नाही. सकाळी आठपासून तेच पाचसहा खेळाडू आळीपाळीने एकमेकांशी खेळतात आणि जगभरातले लोक घरी बसून त्यांच्यावर पैसे लावतात. झास्तेरा तिथे चिकटले ते चिकटलेच.

"हा बघा. काळ्या शर्टातला. रादिम ओतावा," ते म्हणाले.

पडद्यावर पंचेचाळिशीच्या पुढचा, पोट सुटलेला, दमलेला एक माणूस टेबलाच्या कोपऱ्याला हात पुसत होता. मी बघायला वाकले आणि चित्र गेलं.

"मॅच संपली," झास्तेरा म्हणाले. "माझी पैज होती तोवर दिसलं. पुढच्यावर मी लावलेली नाही. पैज लावल्याशिवाय ते चित्र दाखवत नाहीत. तुम्हाला नीट बघायचं तर तुमचं खातं उघडावं लागेल, सिस्टर."

"म्हणजे मी या वयात जुगार खेळू?"

"वीस कोरुनांचा. त्यात एक कॉफीही येत नाही. तिकीट समजा."

अशी माझी शिकवणी सुरू झाली. त्यांना कोणी विद्यार्थी मिळाला नसावा कधी; बोलायला लागले की थांबत नसत. आधी त्यांनी मला अटींचं पान मोठ्याने वाचायला लावलं, शाळेत लावतात तसं. खेळाडूशी ओळख असलेल्याने पैज लावायची नाही. खेळाडूने पैज लावणाऱ्याशी बोलायचं नाही, बोलला तर लीगमधून बाहेर. मग म्हणाले, पहिला आठवडा नुसतं बघा, वीसच्या वर जाऊ नका. आज याची कितवी मॅच आहे ते आधी पाहा, कारण चौथ्या मॅचला पाय जड होतात आणि पैजेचा भाव लावणाऱ्या मशीनला ते उशिरा कळतं.

"पहिला गेम अकरा-तीनने हरला म्हणून घाबरायचं नाही. ही माणसं पहिल्या गेममध्ये नुसती जागी होतात. आणि एकेका पॉइंटवर तर कधीच लावायचं नाही."

"का?"

"आपल्याला दिसतं ते चार सेकंद जुनं असतं. आपण 'आता काय होणार' म्हणतो, तेव्हा तिथे ते होऊन गेलेलं असतं. आणि गेलेले पैसे परत मिळवायला म्हणून लावायचे नाहीत. ते जाऊ द्यायचे."

"आणि?"

"आणि खेळाडू आवडायला लागला, की त्याच्यावर लावणं बंद करायचं." एवढं बोलून ते रोहलीकला, म्हणजे आमच्याकडच्या लांबट पावाला, लोणी फासायला लागले. तीन वर्षं रोज सकाळी त्यांनी ओतावावरच लावलं होतं. मी त्यांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "शिकवतोय मी. मला आलंच पाहिजे असं कुठे आहे?"

त्यांचं म्हणणं असं होतं. ओतावा उजव्या हाताने खेळतो. जूनपासून त्याच्या डाव्या बाजूला लांब गेलेले चेंडू तो सोडतोय. उशिरा पोचतो असं नाही, हलतच नाही. बाकीच्यांच्याही ते ध्यानात आलं होतं. ओतावाचा भाव महिनोन्महिने घसरत होता आणि पडद्याखाली लोक लिहीत होते, डावीकडे मारा, आंधळा आहे, फुकटचे पैसे आहेत.

मी तीन दिवस सकाळी बघितलं. तिसऱ्या दिवशी एक चेंडू त्याच्या डाव्या कोपरापासून हातभर अंतरावरून गेला आणि ओतावा समोरच बघत उभा राहिला, चेंडू अजून यायचाच आहे असा. असे लोक मी खुर्चीत बसलेले पाहिलेत. नजरेचा एक कोपरा हळूहळू गळून जातो आणि माणसाला पत्ता लागत नाही, कारण जे दिसत नाही ते दिसत नाही हे कळणार कसं?

"काचबिंदू असेल, नाहीतर मेंदूतलं काही असेल. मी डॉक्टर नाही," मी म्हणाले. "पण तपासायलाच हवं, आणि लवकर. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखता येते, तीही वेळेत गेला तरच."

"म्हणजे सगळ्यांना माहीत आहे," झास्तेरा म्हणाले, "एका त्याला सोडून."

त्यांनी लीगला पत्र लिहिलं. पाच ओळी, रेल्वेच्या अहवालासारखी. उत्तर आलं, खेळाडूंबद्दलच्या तक्रारी आम्ही स्वीकारत नाही. साइटवाल्यांना लिहिलं, तर त्यांनी कळवलं की हरलेल्या पैजेचे पैसे परत मिळत नाहीत. मी ते वाचून हसले. झास्तेरा हसले नाहीत.

शेवटी ते म्हणाले, "मी जाऊन सांगतो." त्यांनी अटींचं पान दाखवलं तेव्हा मला कळलं, त्यांना काय सलत होतं. बोलताना कुणी पाहिलं तर ओतावाची रोजीरोटी गेली, नाही बोललं तर डोळे. दोन दिवस त्यांनी विचार केला. मग म्हणाले, "काम दुसरं मिळतं." मीही त्यांच्याबरोबर निघाले. मला कोणी बोलावलं नव्हतं.

प्रागच्या कडेला, गालिच्यांच्या गोदामामागे ती जागा होती. फाटकावरच्या माणसाने विचारलं, "पैज लावता?" आणि आमचे सत्यवादी झास्तेरा म्हणाले, "हो, रोज." फाटक बंद झालं. मी त्यांना चांगलं झापलं. मग आम्ही समोरच्या बसथांब्यावर दीड तास बसलो, आणि दुपारी ओतावा खांद्याला बॅग लावून बाहेर आला.

"ओतावा!" झास्तेरांनी हाक मारली. पडद्याकडे बघून हजार वेळा घेतलेलं नाव ऐकून प्रथमच कोणी वळून बघितलं. ओतावाने बॅग पोटाशी धरली.

"किती गेले तुमचे?" त्याने दमलेल्या आवाजात विचारलं.

"काय?"

"पैसे. माझ्यापायी किती बुडाले? शिव्या द्यायच्यात तर द्या पटकन आणि जा. मला बोलायची परवानगी नाही."

"तसं नाही हो. तुमची डावी बाजू..."

"माझी डावी बाजू जगाला पाठ आहे, आजोबा. रोज वाचतो मी. म्हातारा झालो, बॅकहँड गेला. बरं, कळलं. आता जाऊ द्या मला."

झास्तेरा ऐकून बाजूला व्हायला लागले. अडतीस वर्षं फक्त फोनवर गाडी नंबर सांगणारा माणूस, त्याला समोरच्याशी वाद कुठला घालता येणार! मी ठरवलं होतं मधे पडायचं नाही. पण मग मला राहवलं नाही. मी मागून जाऊन ओतावाच्या डाव्या अंगाला उभी राहिले, हात लांब केला आणि बोटं हलवली. एकतीस वर्षं रोज हेच केलंय. तो झास्तेरांकडे बघत होता. मी हात पुढे नेला, आणखी पुढे नेला.

"माझा हात दिसतोय का?"

तो दचकून मागे सरला. "तुम्ही कुठून आलात?"

"मी मघापासून इथेच आहे. समोर बघा. आता?"

उजवीकडे त्याला हात लगेच दिसला. डावीकडे नाही. मग त्याने स्वतःचाच डावा हात वर केला आणि हळूहळू बाजूला नेला. हात फार लवकर दिसेनासा झाला. त्याने तो परत आणला आणि परत नेला. दवाखान्यात या वेळी आम्ही माणसाला पाणी देत असू. इथे द्यायला काही नव्हतं.

काय तपासायचं, कुठे जायचं, ते मी किराणाच्या यादीमागे लिहून दिलं. "याच आठवड्यात जा," मी म्हणाले. त्याने कागद खिशात घातला आणि झास्तेरांकडे वळला.

"तुम्ही कोण?"

"कोणी नाही. सकाळी बघतो."

"लावता कोणावर?"

"तुमच्यावर."

"रोज?"

"रोज."

"अहो, पण मी हरतो!"

"हो. अलीकडे जरा जास्तच," झास्तेरा म्हणाले, आणि ओतावाला हसू आलं. तेवढ्यात बस आली. तो चढला, आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसला.

परतीच्या गाडीत झास्तेरा पार्दुबित्से स्टेशनपर्यंत सवयीने बाहेरचे सिग्नल मोजत होते. मग म्हणाले, "त्याचा आवाज जाड आहे. कम्प्युटरवर बारीक ऐकू येतो."

पुढच्या सोमवारी खेळाडूंच्या यादीत ओतावाचं नाव नव्हतं. मंगळवारीही नव्हतं. यादी कारण सांगत नाही. तो दवाखान्यात गेला, की फाटकावरच्या माणसाने चुगली केली, कळायला मार्ग नव्हता. मी विचारायला समोर गेले, तर झास्तेरांचा कम्प्युटर खोक्यात भरलेला.

"मी खातं बंद केलं. त्यांना कारणही कळवलं, नाव न घेता," ते म्हणाले. "खेळाडूशी बोललो मी. नियम आहे."

"तीन मिनिटं बोललात! बसथांब्यावर! कोण बघायला बसलंय?"

"दोन गाड्या एका रुळावर यायला तीन मिनिटंही लागत नाहीत, सिस्टर. तुम्ही केलंत ना तुमचं बंद?"

मी हो म्हटलं. ते खोटं होतं.

त्यानंतर आमचं पुन्हा "नमस्कार"वर आलं. जाऊन बसायला कारण उरलं नव्हतं, आणि आमच्याकडे कारणाशिवाय कोणी कोणाकडे बसत नाही. मी मात्र रोज सकाळी यादी बघायचे. ऑक्टोबर गेला, ख्रिसमस गेला. कोणावर तरी वीस कोरुना लावायचे आणि चेंडूचा टकटक आवाज घरात चालू ठेवायचे. त्या दिवसांत मला झास्तेरांची तीन वर्षं पहिल्यांदा समजली, आणि समजल्यावर बरं वाटलं नाही.

जानेवारीच्या शेवटी ओतावाचं नाव आलं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तोच होता, थोडा वाळलेला. आणि प्रत्येक सर्व्हिसच्या आधी तो मान डावीकडे पुरती वळवून टेबलाचा कोपरा बघून घेत होता. असं माणूस आपणहून करत नाही. हे शिकवावं लागतं. आम्ही शिकवायचो. मॅच संपताच मी तशीच समोर जाऊन बेल वाजवली.

"तो आलाय," मी म्हणाले.

झास्तेरांना लगेच कळलं. "तुम्ही खातं बंद केलं नव्हतं."

"नव्हतं. ओरडायचं ते नंतर ओरडा. अहो, तो मान वळवतो! म्हणजे गेला होता दवाखान्यात, कोणीतरी शिकवलंय त्याला. चला, दुपारपर्यंत त्याच्या अजून तीन मॅच आहेत. मी चहा टाकते."

त्यांनी माझ्या उघड्या दाराकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "मी त्याला ओळखतो आता." मग विचारलं, "जिंकला?"

"हरला. तीन-एक."

"हरू दे. दिसतंय ना त्याला?"

"उरलंय तेवढं दिसतंय."

"मग झालं," ते म्हणाले, आणि दार हळूच लावून घेतलं.

मला रडू आलं, आणि रागही. एक माणूस शेजारी बसून बघायला हवा होता मला, फार नाही. मी जिन्यात उभीच राहिले. माझ्या घरात, सवयीने आधीच वीस कोरुना लावून ठेवलेली पुढची मॅच सुरू झाली होती, आणि तिच्यात माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं.