लाकडी बैलाची बातमी

माझा हात त्याच्यापेक्षा चांगला होता. ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षांत मी पहिल्या वर्गात आलो. तो पहिली परीक्षा कसाबसा पास झाला आणि दुसरीला बसलाच नाही. आमचे ड्रॉइंग मास्तर माझी चित्रे वर्गाच्या भिंतीवर लावत. त्याचा कागद हातात घेतला की मास्तर वर्गाला विचारत, "काय रे, हे सरळच धरलं आहे ना मी?" वर्ग हसे. तोही हसे.

तो उमरेडच्या कोष्ट्याचा मुलगा; नागपूरच्या इतवारीत मामाकडे राहून शिकला. शाळा संपल्यावर मी एका मराठी वृत्तपत्रात मुद्रिते तपासायला लागलो आणि चार वर्षांनी उपसंपादक झालो. तो सीताबर्डीच्या एका सिनेमागृहात जाहिरातींच्या काचा रंगवू लागला. खेळ सुरू होण्यापूर्वी साबण, छत्र्या आणि दंतमंजनाच्या जाहिराती काचेवर रंगवून पडद्यावर दाखवत, ते हे काम. मी त्याच्याबद्दल घरी बोलताना 'पेंटर' म्हणत असे.

एकदा त्याने दंतमंजनाच्या जाहिरातीसाठी एकाऐवजी तीन काचा रंगवल्या. यंत्र चालवणाऱ्याला त्या भराभर बदलायला सांगितल्या. पडद्यावरच्या माणसाचे बोट दातांवरून फिरले. चित्र वाईटच होते. बोट गाजरासारखे दिसत होते. पण लोकांनी ओरडून ते पुन्हा दाखवायला लावले. मी त्या खेळाला हजर होतो. घरी जाताना माझ्या मनात एवढेच आले, की हे मला का सुचले नाही. हा प्रश्न नंतर काही वर्षे माझ्याबरोबर राहिला.

पुढे त्याने नोकरी सांभाळून एक चित्रपट काढायला घेतला, सगळाच्या सगळा हाताने काढलेला. विषय तान्ह्या पोळ्याचा. पोरांनी दोरी बांधून ओढत न्यायचा चाकांवरचा लाकडी बैल आदल्या दिवशीच्या पोळ्यात खरे बैल सजताना पाहतो, चाके टाकून देतो आणि पळत सुटतो. गाव मागे लागते. शेवटी तो तळ्यात उडी घेतो. पोर रडते, पण बैल लाकडाचा, तो बुडत नाही, तरंगत राहतो. काठावरचे खरे बैल तोंड उघडे टाकून पाहतात.

त्यासाठी त्याने एका फोटोग्राफराकडचा जुना हाताने फिरवायचा कॅमेरा मिळवला. एका फिरत्या तंबू सिनेमावाल्याने तो फोटोग्राफराला विकून टाकला होता. कॅमेऱ्याच्या बाजूच्या एका दांड्याला हँडल लावले, की एका फेऱ्याला एकच चित्र उतरत असे. एका सेकंदाला सोळा चित्रे लागत. तो प्रत्येक चित्र दोनदा उतरवी, म्हणजे आठ काढायची. पूर्ण चित्रपट अडीच मिनिटांचा होणार होता. बाराशे चित्रे.

ती काढण्यासाठी मामाच्या अंगणात एक काच चौकटीत बसवली होती आणि तिच्याखाली आरसा तिरपा ठेवून ऊन काचेवर घेतले होते. चौकटीच्या वरच्या कडेला दोन खिळे. प्रत्येक पातळ कागदाला दोन भोके पाडून तो त्या खिळ्यांत अडकवायचा, म्हणजे खालच्या कागदावरचे चित्र उन्हात वर दिसे आणि पुढचे त्यावरून किंचित सरकवून काढता येई. ऊन सरकले की आरसा सरकवायचा. त्याच्या बापाने मागावर जन्म काढला होता. धागा धागा करून वीतभर कापड वाढते, हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. मला तिथे दहा मिनिटे बसणेही जड जाई.

तरी मी बसलो. त्यानेच विचारले होते.

"फाटकापासून तळ्यापर्यंत बैल पळते ना, थे तू काढ गा. माह्या हातानं त्याचे पाय शेळीवानी येऊन राहिले."

"किती चित्रं?"

"बारा सेकंद. शहाण्णव."

मला आनंद झाला. तो माझ्याकडे आला होता. मी रोज सकाळी दोन तास काढले आणि सात आठवड्यांत शहाण्णव चित्रे पूर्ण केली. ती उत्तम होती. लाकडाच्या शिरा, मानेखालची सावली, पोटाची गोलाई हे सगळे बारीक तिरप्या रेघांनी भरलेले. एकेका चित्रात दोन-अडीचशे रेघा. त्याच्या चित्रांत बैल म्हणजे बाहेरची एक जाड रेघ आणि आत एक डोळा. एकदा तो म्हणाला, "इतकं भरू नको गा, डोळ्याले पाहाले वेळच नाही राहात." मी त्याला म्हटले, "तुला जमत नाही म्हणून सांगतोस काय?" त्याने पुढचा कागद खिळ्यांत अडकवला.

फोटोग्राफराने तो तुकडा आपल्याच अंधाऱ्या खोलीत धुऊन दिला. सिनेमागृह रिकामे असताना आम्ही तिघांनी तो पाहिला. बैल पळाला, त्यात चूक नव्हती. पण त्याच्या अंगावर मुंग्या सुटल्या होत्या. दोन चित्रांतल्या रेघा कधीच नेमक्या एका जागी येत नाहीत. एकटे चित्र पाहताना ते कळत नाही. शहाण्णव चित्रे ओळीने फिरली, तेव्हा माझी एकूण एक रेघ वळवळू लागली. बैलाला खरूज झाल्यासारखे दिसत होते.

"बापरे," फोटोग्राफर म्हणाला, "याले तर गोचीड लागले!"

माझा मित्र हसला नाही. त्याने तुकडा पुन्हा एकदा लावायला सांगितला, पाहिला, आणि म्हणाला, "पाय मात्र झकास पडून राहिले." पुढचे दोन दिवस तो मला भेटला नाही. तिसऱ्या दिवशी कचेरीत येऊन म्हणाला, की ती शहाण्णव चित्रे पुन्हा काढायला आता वेळ नाही, म्हणून ती तो घेत नाही.

वेळ नव्हता, कारण मुंबईच्या एका चित्रपट कंपनीचे पत्र आले होते. कंपनी हाताने काढलेल्या चित्रपटांचा विभाग उघडण्याच्या विचारात होती. त्याने स्वतःहून अर्ज केला होता. व्यवस्थापकाने लिहिले होते, की चित्रपटाचा तुकडा पाठवावा आणि त्याबरोबर तो लोकांना दाखवून स्थानिक वृत्तपत्रात आलेली बातमीही पाठवावी. मालकांना चित्रातले काही कळत नाही. प्रेक्षक काय करतात, एवढेच ते विचारतील. महिनाभरात दोन्ही आले तर जागा त्याला देता येईल.

तो ते पत्र घडी घालून खिशात घेऊन फिरत होता. मला त्याने ते दोनदा वाचायला दिले. "मले दुसरं काही नाही पाह्यजे," तो म्हणाला. "एक बातमी, बस. तू आहेच."

रविवारी सकाळच्या खेळाआधी सिनेमागृहाच्या मालकाने त्याला अडीच मिनिटे दिली. माझे बारा सेकंद गेले असल्यामुळे ती दोन मिनिटे अठरा सेकंद झाली होती. मी घड्याळ लावून पाहिले. थिएटर साधारण पाऊण भरले होते. महाल, धरमपेठ या भागांतली बिऱ्हाडे पोरांसकट आलेली.

गाव मागे लागते. बैल फाटकाशी येतो, मागे वळून पाहतो, डोळा मिटतो. आणि पुढच्याच क्षणी तो तळ्यात. मधले पळणे नाहीच. लोक असे हसले, की मी मागे वळून पाहिले. एक जाडे गृहस्थ पुढच्या खुर्चीच्या पाठीवर थापा मारत होते. एक बाई आपल्या सासूला विचारत होती, "कसा गेला वं तो इतक्यात?" आणि सासू हसता हसता पदराने डोळे पुसत होती. बैल तरंगू लागला तेव्हा पुन्हा हसले, पण पहिल्याइतके नाही. सर्वांत मोठे हसू माझी चित्रे जिथे नव्हती तिथे आले.

त्या दुपारी मी बातमी लिहिली. नऊ ओळी. स्थळ, वार, वेळ. चित्रपटाची लांबी. चित्रे हाताने काढल्याची माहिती, कॅमेऱ्याचा प्रकार, कथेचा सारांश, काढणाऱ्याचे नाव आणि गाव. 'प्रेक्षकांची उपस्थिती बरी होती.' एकही शब्द खोटा नव्हता. लोक हसले, हे मी लिहिले नाही. विसरलो नव्हतो. ती ओळ एकदा लिहिली होती आणि तिच्यावर रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी तो अंक घेऊन आला. बातमी त्याने बरीच वेळा वाचली असावी.

"सगळं बराबर लिहिलं गा. पण लोक हासले थे काहून नाही लिहिलं?"

"हसणं ही बातमी नसते. वृत्तपत्राचा नियम आहे."

"असं होय?" तो म्हणाला. "मले काय माहीत." आणि त्याने ते कात्रण चित्रपटाच्या तुकड्याबरोबर मुंबईला पाठवून दिले.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. चित्रकाम आश्वासक आहे. मात्र प्रेक्षकांवर काही परिणाम झाल्याचे बातमीवरून दिसत नाही. तूर्त जागा देता येत नाही. त्याने मला ते पत्र दाखवले आणि वर समजूतही माझीच घातली. मामाने त्याला विचारले होते म्हणे, की तुझा तो पेपरवाला दोस्त दोन शब्द बरे लिहू शकत नव्हता काय. त्याने मामाला सांगितले, की पेपरात हसणे छापत नाहीत, तसा नियमच आहे, त्यात त्याचा काय दोष.

वास्तविक आमच्या वृत्तपत्राइतके हसणे दुसरीकडे क्वचितच छापले जात असेल. सभेतले भाषण असो की कौन्सिलातला वाद, वक्त्याच्या वाक्यानंतर कंसात (हशा) किंवा (हशा व टाळ्या) टाकण्याची रीत होती. हा शब्द इतका लागे, की कंपोझिटर तो कंसांसकट जुळवून आठ-दहा प्रती ट्रेच्या कडेला तयार ठेवी. वक्ता फारच नीरस बोलला असेल तर संपादक स्वतः एखादा घालायला सांगत, म्हणजे वाचकाला दम खाता येई.

माझा मित्र वृत्तपत्र वाचत नसे. पण काचांचा रंग पुसायला तो रद्दी आणत असे. एका सकाळी तो कचेरीत आला तेव्हा त्याच्या हातात रंगाने माखलेले आमचे एक जुने पान होते. म्युनिसिपालिटीच्या नाल्यांवरील चर्चेचा वृत्तान्त होता. त्याने ते माझ्या टेबलावर पसरले आणि बोट ठेवले. मग खाली दुसरीकडे ठेवले. मग तिसरीकडे.

"हे काय होय गा?"

शेजारचे दोघे उपसंपादक मान वर करून पाहू लागले.

"नालीवर तीनदा हासले," तो म्हणाला. "माह्या बैलावर एकदाही नाही?"

"तो वृत्तान्त होता. ती बातमी होती."

"तू तिथं बसून होता. तुह्या मागं लोक खुर्च्या बडवून राहिले होते."

"बातमीत चूक असेल तर सांग. दुरुस्ती छापता येते. चूक आहे का?"

त्याने विचार केला. खरोखरच केला, तो तसा माणूस होता.

"चूक नाही," तो म्हणाला.

"मग दुरुस्ती कशाची छापू?"

व्यवस्थापकाने दिलेली महिन्याची मुदत केव्हाच संपली होती, तरी तो दुरुस्ती मागायलाच आला असावा. ती छापून आली असती तर त्याने पुन्हा पत्र लिहिले असते. कदाचित उपयोग झालाही असता. चार ओळींचे काम होते आणि ते माझ्या हातात होते. त्याने पानाची घडी घातली, बोटांना लागलेला रंग शर्टाला पुसला आणि शेजारच्या दोघांकडे पाहून म्हणाला, "चालू द्या भाऊ तुमचं." माझ्याकडे पाहिले नाही.

तो पुढे दोन वर्षे काचाच रंगवत राहिला. मग कोणाचे पत्र नसताना चित्रपट डब्यात घालून मुंबईला गेला. तिथे आधी पडदे रंगवले, मग एका कंपनीत चित्रपटांची नावे लिहिली, आणि लढाईच्या काळात सरकारी माहितीपटांना हलत्या चित्रांची गरज पडली तेव्हा तो ती काढणाऱ्यांचा प्रमुख झाला. त्याच्या हाताखाली नऊ माणसे होती, त्यांतले तिघे कलाशाळेत शिकलेले. हे सगळे मला ठाऊक आहे, कारण मी ते विचारत असे. मुंबईहून कोणी आले, की मी हवापाण्याचे विचारून झाल्यावर त्याचे विचारी. बरे चालले आहे असे ऐकले की त्या दिवशी माझे अग्रलेखाच्या मुद्रितात लक्ष लागत नसे. लोक मला त्याचा जुना स्नेही समजत.

त्याने स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट नागपूरला आला तो एका बोलपटाआधी जोडलेला, सात मिनिटांचा. संपादकांनी त्यावर लिहायला मला सांगितले. मी डोके दुखते म्हणून ते एका नव्या सहकाऱ्याकडे दिले. त्याने अठरा ओळी लिहून आणल्या. लोकांनी इतका गलका केला, की बोलपट थांबवून यंत्रवाल्याला ती सात मिनिटे पुन्हा दाखवावी लागली, असे त्यात होते. मजकूर माझ्याकडे तपासायला आला. मी एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला, दिग्दर्शक मूळचा उमरेडचा असल्याचे वाक्य तसेच ठेवले आणि शेवटच्या सहा ओळी कापल्या.

"त्या काहून काढल्या हो?" सहकाऱ्याने विचारले.

"जागा नव्हती," मी म्हणालो.

सकाळी अंक निघाला तेव्हा तो नवा सहकारी माझ्या टेबलाशी उभा राहून ते पान वाचत होता. त्याच्या बातमीखाली मोकळ्या राहिलेल्या जागेत मी एरंडेल तेलाच्या उपयोगांवरचा एक जुना मजकूर टाकला होता. तो त्याने शेवटपर्यंत वाचला.