एवढं पुसते आणि निघते

"एवढं पुसते आणि निघते."

हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा मराठीचा तास कधी सुरूच झाला नाही. अंबरनाथच्या आमच्या शाळेत आठवीला आधी गणित, मग मराठी. म्हणजे आधी ती, मग मी. घंटा झाली की मी पुस्तक काखेत मारून दारात उभी, आणि आत ती ओढणी कमरेला गुंडाळून फळा पुसते आहे. नुसता डस्टर फिरवणं नाही हो! आधी डस्टर, मग ओलं फडकं, मग कोरडं. खाली पडलेली खडूची भुकटीसुद्धा पायाने कोपऱ्यात सारायची.

"अगं, राहू दे, मी पुसते," मी वैतागून म्हणायचे.

"नको ताई. आपण लिहिलेलं दुसऱ्याने का पुसायचं? झालंच. एवढं पुसते आणि निघते."

तुम्ही शाळेत काम केलं असेल तर अशी माणसं किती विरळा ते तुम्हाला ठाऊक असेल. आमचे विज्ञानाचे सर पोट फाडलेला बेडूक फळ्यावर तसाच ठेवून चहाला पळायचे, आणि त्या बेडकाच्या देखत मी कविता शिकवायचे. त्यांच्याशी माझं रोज वाजायचं. हिच्याशी भांडायला कारणच मिळायचं नाही, त्याचाही मला राग यायचा.

तिचं सगळंच तसं. काही म्हणून अर्धं ठेवायची नाही. स्टाफरूममध्ये मी माझ्या जावेचा किस्सा सांगत असताना घंटा झाली, की दुसऱ्या दिवशी सकाळी दारातच मला अडवणार, "ताई, मग जाऊबाई काय म्हणाल्या?" मला आठवतही नसायचं. मग मी तिच्या समाधानासाठी काहीतरी रचून सांगायचे. बदलापूरच्या माझ्या जावेच्या नावावर त्यामुळे बरीच खोटी भांडणं जमा आहेत.

ती राहायची बुवापाड्यात. सासऱ्यांनी ऑर्डनन्स फॅक्टरीत जन्म काढलेला, ते गेले. नवरा तर त्याआधीच गेला होता, लेक यशू बालवाडीत असताना. घरात सासू, ही आणि यशू, अशा तिघी. आमची शाळा विनाअनुदानित, पगार यायचा तो पाहुण्यासारखा, कधी येईल आणि किती दिवस टिकेल याचा नेम नाही. तेव्हा आखातातल्या एका भारतीय शाळेत गणिताची जागा निघाली आणि तिला मिळाली, यात नवल काहीच नव्हतं. नवल होतं ते ती यशूला सोडून निघाली याचं. पण त्या शाळेचा व्हिसा एकटीचा होता. राहायला दोन-तीन शिक्षिकांना मिळून एक खोली. लेकरू नेता येणार नव्हतं.

आमच्याकडे नोकरी सोडताना पेढे वाटतात. तुमच्याकडेही वाटत असतील. पहिला पेढा हेडसरांना, मग स्टाफरूमला, मग शिपाईमामांना. हेडसरांनी दोन पेढे खाल्ले, डोळे पुसले आणि अनुभवाचा दाखला जागच्या जागी सही करून दिला. हे लक्षात ठेवा. पुढे ह्या पेढ्यांच्या रिवाजानेच घात केला.

ती गेली तेव्हा यशू सातवीत होती आणि माझ्याच वर्गात होती. आई रोज संध्याकाळी तिला भूमिती शिकवायची. त्रिकोणाची रचना चालू होती, दोन प्रकार झाले, तिसरा राहिला आणि विमानाचा दिवस आला. "पुढचं फोनवर दाखवते गं," आई म्हणाली. फोनवर कसला त्रिकोण येतोय! पोरीने कंपासपेटीच बंद केली. चाचणीत भूमितीचं पान कोरं. मी विचारलं तर म्हणाली, "टीचर, आई आली की काढीन." आईचा फोन आला की हिला नेमकं नेटवर्क नसायचं. घरी आजी काळजीत. एकदा शाळेत येऊन मला म्हणाली, "जय भीम टीचर. पोर धड बोलत न्हाई, धड जेवत न्हाई. तिच्या आईला कळवू नका, ती तिकडं रडत बसंल."

मी कळवलंच. माझ्या पोटात काही राहत नाही, आणि आईपासून असलं लपवायचं नसतं.

पोर काय खाते, कधी झोपते, सगळं तिने फोनवर खोदून विचारलं. मग म्हणाली, "ताई, आता मला हिला इथे आणावंच लागेल."

मनात घेतलं की ती करायचीच. त्याच शहरात तिने दुसरी शाळा शोधली. मोठी शाळा, राहायला स्वतंत्र घर, मुलीलाही व्हिसा आणि मुलीची शाळा तिथेच. आता फक्त तिचा कामाचा व्हिसा जुन्या शाळेच्या नावावरून नव्या शाळेच्या नावावर व्हायला हवा होता. फक्त म्हणते मी! त्यासाठी जुन्या शाळेने "आमची हरकत नाही" म्हणून सही द्यायला हवी. ती नाही मिळाली तर गाशा गुंडाळून घरी, आणि पुन्हा त्या देशात कामाला कधी जाता येईल त्याचा पत्ता नाही.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये तिचा व्हिसाचा सिंधी एजंट होता, सगळे त्याला साईं म्हणायचे. तिची पहिली कागदपत्रं त्यानेच केली होती. त्याने फोनवर तिला बजावून सांगितलं, "मॅडम, नई शाळा अपने कागज पक्के करेगी, फिर हम पुरानी को बोलेंगे. तब तक मुंह नहीं खोलने का."

आणि आमच्या या बाईने काय करावं? नवीन शाळेची ऑफर हातात पडली त्याच दिवशी तिने तिथल्या भारतीय मिठाईवाल्याकडून पेढे आणले आणि थेट प्राचार्यांच्या टेबलावर ठेवले.

"काय गोड बातमी?" प्राचार्यांनी पेढा उचलला.

"सर, मला नवीन शाळा मिळाली."

त्यांचा अर्धा पेढा तोंडात, अर्धा हातात. हातातला त्यांनी हळूच बॉक्समध्ये परत ठेवला आणि म्हणाले, "सही मिळणार नाही."

हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई, अक्कल गहाण टाकलीस का? साईं एवढा कानीकपाळी ओरडत होता ना?"

"पण ताई, ज्यांच्याकडे वर्षभर राहिले त्यांना न सांगता कसं? कुणाकडून तरी कळलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं."

"आता तर फार बरं वाटलंय त्यांना!"

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मला तिला जवळ घ्यायचं होतं. फोनवर काय घेणार! मीही इकडे स्टाफरूममध्ये नाक ओढत बसले, आणि विज्ञानाच्या सरांनी न विचारता माझ्यापुढे चहा आणून ठेवला. माणूस तसा वाईट नाही.

यशूला मी अर्धंच सांगितलं, की थोडा वेळ लागणार आहे. पोरगी शहाणी. म्हणाली, "तिच्या तिकडच्या मुलांचं झालं की माझा नंबर. माहितेय मला." तेरा वर्षांच्या पोरीच्या तोंडी असं वाक्य आलं की ऐकवत नाही.

हे मी तिच्या आईला नाही कळवलं. एवढं एकच पोटात ठेवलं.

पण सही का अडली होती हे माझ्या मैत्रिणीला दोन दिवसांनी उमगलं. तिच्याकडे दहावीचा वर्ग होता, बोर्डाची परीक्षा जवळ येत होती आणि अर्ध्या वर्षात गणिताचा शिक्षक आणायचा कुठून? "ताई, सर चिडले ते बरोबरच होतं," ती मला म्हणाली. "दहावीचा पोर्शन अर्धा टाकून कुणी पेढे वाटतं का?" मला हसावं की तिला झोडावं कळेना. ती पुन्हा प्राचार्यांकडे गेली. पोर्शन संपवून दिला तर सही द्याल का, म्हणून विचारलं. ते म्हणाले, संपवून दाखवा. नव्या शाळेने थोडं थांबायचं कबूल केलं, फार नाही. मग शाळा भरण्याआधी एक तास, सुटल्यावर एक तास, सुट्टीच्या दिवशीही वर्ग. फोनवर तिचा आवाज बसलेला यायचा. मी म्हणायचे, "अगं, जरा दम खा." ती म्हणायची, "पूर्ण झालं की खाईन."

पूर्ण झालं. प्राचार्यांनी सही केली, आणि ती निघताना म्हणाले, पेढे आता आणा. साईंला मी कॅम्प चारला जाऊन स्वतः सांगितलं तर तो दुकानाबाहेर येऊन हात जोडून म्हणाला, "मॅडम, आपकी सहेली को बोलो, अब कृपा करके कुछ मत बाँटना."

सही मिळाली तरी जुना व्हिसा रद्द झाला, की घरी येऊन नव्याची वाट बघायची असा प्रकार होता. ती बुवापाड्यात परत आली. वाळलेली, डोळ्यांखाली काळं. यशू तिच्याशी बोलली, पण पाहुण्यांशी बोलतात तसं. आणि आता नवीन धास्ती होती. नव्या शाळेने दोघींचे अर्ज एकदम टाकले होते, पण साईं म्हणाला होता, की बरेचदा आईचा आधी येतो, लेकराचा मागाहून. कधी, ते ऊपरवाला जाने. आईचा आला की तिला निघावं लागणार होतं. शाळा तिच्यासाठी आणखी थांबणार नव्हती.

एका दुपारी मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. यशूने माझ्यासमोर आईला सरळ विचारलं, "एकटीचा आला तर तू जाशील?"

सासू उठून उगाच गॅस पुसायला लागली. मी बशीत चहा ओतला आणि तो तसाच निवला.

घरी बसून तिला वेड लागायची पाळी आली, म्हणून ती शाळेत यायला लागली. हेडसर म्हणाले, नुसत्या बसू नका, आठवीवर तास घ्या. आठवीत यशू होती. शेवटच्या बाकावर, खिडकीकडे तोंड करून. आई शिकवायची, ही बाहेर बघायची. मी दारात उभं राहून रोज बघत होते. काय सांगू तुम्हाला, माझाच जीव तुटायचा.

त्या दिवशी मी घंटेच्या जरा आधीच पोचले. फळ्यावर त्रिकोणाची रचना होती. तिसरा प्रकार, राहून गेलेला. आठवीच्या पुस्तकात तो नव्हताच, तिने मुद्दाम काढला होता. पाया आखलेला, एका टोकावरून कंस काढलेला. तिने तो मोठा लाकडी कंपास हातात धरला आणि शेवटच्या बाकाकडे बघून म्हणाली, "यशोधरा, दुसरा कंस."

यशू बसून राहिली. मला वाटलं, आता काही ही उठत नाही. मग बाक सरकला. पोरगी हळूहळू पुढे आली, कंपास घेतला, टोक धरलं आणि कंस काढला. रेघ जराशी हलली, पण पहिल्या कंसाला बरोबर छेदून गेली. दोघी तिथेच फळ्यापाशी उभ्या. आता फक्त दोन बाजू जोडायच्या होत्या.

तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. वर्गात ती कधी फोन उचलायची नाही. त्या दिवशी उचलला. साईंचा आवाज एवढा मोठा, की दारात मलाही ऐकू आला. "मॅडम, दोनों का! दोनों का साथ में आया!"

तिने फोन कानाला तसाच धरून यशूकडे पाहिलं. यशूनेही ऐकलं होतं. पोरीच्या हातातला कंपास खाली पडला आणि तिने आईला जी मिठी मारली, ती सगळ्या वर्गासमोर, आठवीतल्या पोरी असं कधी करत नाहीत. आई म्हणत होती, "चल, चल, आजीला सांगू, आजीला आधी सांगू." दोघी माझ्या अंगावरूनच पळाल्या. माझं पुस्तक पडलं. जिन्यापाशी तिला आठवण झाली असावी. वळून ओरडली, "ताई, फळा राहिला! तेवढा तुम्ही पुसून घ्या हं!"

आणि गेली. पाच-सहा दिवसांत दोघी विमानात बसल्या. आता तिकडून तिचे आवाजी मेसेज येतात, मागे यशूची बडबड चालू असते. सासूलाही न्यायचं चाललंय. सुखात आहे असं ती म्हणते, आणि आहेच. मला मात्र गणिताचा तास संपताना दारात उभं राहवत नाही. तुम्हाला सांगून टाकते, मला तिची फार आठवण येते.

पण त्या दिवसाचं सांगत होते. मी वर्गात शिरले. पहिल्या बाकावरची मुलगी सवयीने उठली, डस्टर घेऊन फळ्याकडे निघाली. "बस खाली," मी म्हटलं. फळ्यावर पाया होता, आईचा एक कंस, यशूचा एक, जरासा हललेला. मी पडलेला कंपास उचलून टेबलावर ठेवला, खुर्ची फळ्यापासून बाजूला ओढली आणि बसले.

"पुस्तकं काढा," मी म्हटलं. "आज मराठी तोंडी."